निकाल सोमवारी

२६ एप्रिल, शनिवार

जिंकलो. पहिलीच मॅच, घरचं मैदान, समोर माइन्झची दांडगी पोरं, तरी जिंकलो. इथल्या आपल्या जर्मन विद्यापीठाला अमेरिकन फुटबॉलची टीम आहे हे गेल्या वर्षीपर्यंत विद्यापीठालाही माहीत नव्हतं, कारण नव्हतीच. दोन आठवड्यांपूर्वी निम्म्यांना हेल्मेट मागून-पुढून कळत नव्हतं.

माझं काम फक्त लाथ मारणं. बाकी वेळ कडेला उभं राहून बुटाच्या नाड्या तपासणं. तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. लाथ बसेपर्यंत चेंडू जमिनीवर उभा धरायचं काम अद्वैतचं (यापुढे अ.). अ. कोथरूडचा, इथे मास्टर्स करतो. दर वेळी बोट चेंडूवर ठेवलं की म्हणतो, "बघून मार रे कोल्हापूर, या बोटांनी अजून थिसिस टाइप करायचाय."

मग ती चूक.

शिट्टी झाली, सगळे एकमेकांवर पडायला लागले आणि माझा हात आपोआप पिशवीत गेला. आईने पाठवलेल्या गुलालाच्या दोन पुड्या. आमच्या पेठेच्या तालमीची टीम जिंकली की गुलाल उधळायचा, त्यात विचार करायचा नसतो. मीही केला नाही. पहिली मूठ येन्सच्या डोक्यावर. येन्स आमचा कोच, पीएचडी करतो, एरवी फार गंभीर. तो क्षणभर थांबला आणि त्याने पुडीतच हात घातला. पुढचं मला नीट आठवत नाही.

मैदान खोट्या गवताचं आणि आमच्या जर्सी पांढऱ्या, हे लक्षात आलं तोवर प्लाट्सवार्ट, म्हणजे मैदान सांभाळणारे काका, पळत येत होते.

२८ एप्रिल, सोमवार

प्लाट्सवार्ट येन्सला विचारत होते, हे विषारी आहे का. येन्सने मला विचारलं. मी म्हणालो, छे, देवालासुद्धा वाहतात. प्लाट्सवार्ट म्हणाले, "मग त्या देवाचं साफ कोण करतं?"

संध्याकाळी अख्खी टीम गुडघ्यांवर बसून ब्रश मारत होती. मला वाटलं सगळे शिव्या घालतील. कोणी घातल्या नाहीत. अ. मात्र सुरू होता. "आम्ही पुण्यात जिंकलो की घरी जाऊन वरणभात खातो. कोणाला गवत धुवायला लागत नाही."

जर्सी धुतल्या. पांढऱ्या झाल्या नाहीत. फिकट गुलाबी झाल्या. येन्स म्हणाला, राहू देत.

एक पुडी शिल्लक आहे. इथे ताईच्या घरी कपाटात वर ठेवली.

१० मे, शनिवार

श्टुटगार्टला जाऊन जिंकलो. गुलाबी जर्सी पाहून ते हसत होते. शेवटी हसत नव्हते.

माझ्या चार किका, चारही आत. रात्री झोप येईना. जिंकल्यावर झोप का येऊ नये? येन्सने बसमध्ये हळूच म्हटलं, "दोन मॅचेस, शून्य हार." हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं. हरलो नाही हे मोजायला लागलं की

पुढे लिहीत नाही.

१४ मे, बुधवार

प्रॅक्टिकल परीक्षेची तारीख आली. १० जुलै, गुरुवार. शेवटची मॅच १२ला, शनिवारी. मला आनंद झाला. म्हणजे मोकळ्या डोक्याने खेळता येईल.

टीममध्ये मी एकटाच आत्सुबी, म्हणजे करारावर काम शिकणारा उमेदवार, बाकी सगळे विद्यार्थी. मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये काम शिकतो. लेथ, मिलिंग, फिटिंग. तीन वर्षं होत आली. कोल्हापुरात डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला, मग शिरोलीला फाउंड्रीत होतो, दाजींनी इथली वाट काढली नसती तर अजून तिथेच असतो. विद्यापीठाचा करार आहे म्हणून विद्यापीठाच्या टीममध्ये चालतो. फेब्रुवारीत टीमची सरावाची लोखंडी गाडी वेल्डिंगला आमच्याकडे आली होती, त्यात अडकलेला चेंडू मी येन्सला अंगणाच्या पलीकडे परत मारला. तेवढ्यावर निवड.

आमच्या मायस्टरांच्या, म्हणजे वर्कशॉपचे उस्ताद हेर ब्रेनर यांच्या, कपाटात आम्ही तिघांनी पहिल्या वर्षी घासून केलेले हातोडे आहेत. परीक्षा पास होईल त्याचा हातोडा मायस्टर स्वतः त्याच्या हातात देतात. तोवर कपाटात. कुलूप नाही, पण कोणी हात लावत नाही. माझ्या हातोड्याच्या एका कडेला बारीक चीर आहे. मला रोज आठवते.

वर्कशॉपची साप्ताहिक वही जर्मनमध्ये लिहावी लागते, ती मायस्टर तपासतात. ही कोणी तपासत नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो.

२४ मे, शनिवार

तिसरी. जिंकलो, पण माझी एक किक बाहेर गेली. सोपी होती. वारा नव्हता. अ.ने चेंडू नीट धरला होता. म्हणजे मीच.

अ. म्हणाला, "एक गेली तर गेली. तू काय उपग्रह सोडतोस का?"

घरी येऊन दाराचं कुलूप पाहिलं. परत पाहिलं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. ताईला वड कुठे मिळणार? दर वर्षीप्रमाणे पार्कातलं लिंडनचं झाड. दोरा गुंडाळताना कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या, झाडावर काही आंदोलन आहे का विचारलं. ताई म्हणाली, "होय, सात जन्मांचं." बाई मान डोलावून गेल्या.

रेवा (भाची, सहा वर्षांची) मराठीत सगळं ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारलं, बाबाला हवंय का हे, त्याला विचारलंस का? दाजी म्हणाले, "पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेतली."

न्युरेम्बर्गच्या कंपनीचा फोन आला. १ ऑगस्टपासून घेतील, पास झालो तर. नाही तर सहा महिने इथेच, मग परत परीक्षा, आणि मग ते थांबतील का सांगता येत नाही. दाजी म्हणाले, "अरे होशील." ताई म्हणाली, "आधी जेव."

१४ जून, शनिवार

चौथी. पावसात. जिंकलो. चेंडू साबणासारखा, अ.ची बोटं निळी. किक आत गेली तेव्हा तो चिखलात आडवा पडून ओरडत होता. मराठीतून. इथे लिहिण्यासारखं नाही.

आता लोक मॅच बघायला येतात. प्लाट्सवार्टसुद्धा. ते आधी माझी पिशवी बघतात.

१७ जून, मंगळवार

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी मायस्टर परीक्षेच्या दिवसाबद्दल सांगत होते. काम करायचं, मग परीक्षकांसमोर बोलायचं, मग कॉरिडॉरमध्ये थांबायचं. सगळ्यांचं झालं की अध्यक्ष एकेकाला आत बोलावून निकाल सांगतात. "आणि त्या क्षणाला तू आत्सुबी राहत नाहीस. करार तिथेच संपतो. शुक्रवारी यायचं नाही, झोपायचं."

टिम आणि सेलीना (माझ्याबरोबरचे दोघं) टाळ्या वाजवायला लागले. मी विचारलं, म्हणजे विद्यापीठाशी संबंध? मायस्टर म्हणाले, "संपला. मोकळा पक्षी."

मग ते हसत हसत सांगायला लागले, दोन वर्षांपूर्वी एकाची दाढ दुखत होती, तो निकालाला न थांबता दवाखान्यात पळाला. त्याला कोणी काही सांगितलंच नाही, म्हणून बिचारा दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरऑल घालून हजर! सगळे हसले. मीही हसलो असेन.

गुरुवारी पास झालो तर शनिवारी मी विद्यापीठाचा नाही. विद्यापीठाचा नसलेला माणूस खेळला तर ती मॅच हरल्यात धरतात. नियम मी मार्चमध्येच वाचलेला. सगळं वाचलेलं. करार कधी संपतो तेवढं वाचलं नव्हतं.

पास झालो तर खेळता येत नाही. नापास झालो तर येतं.

१८ जून, बुधवार

अ.ला सांगितलं. तो कॅन्टीनमध्ये बटाटे सोलून खात होता. हातातला बटाटा सोलून संपवला. मग म्हणाला, "कोण बघणार आहे?"

"मी."

"तू सोडून रे."

"येन्सला माहीत नसताना त्याचा अख्खा सीझन माझ्यामुळे"

"बरं बरं. ऐकू येतंय." मग म्हणाला, "तुझ्यासारख्या माणसाबरोबर बँक लुटायची सोय नाही." ताटातला एक बटाटा माझ्याकडे सरकवला.

१९ जून, गुरुवार

सुट्टी होती. येन्सच्या घरी गेलो. तो अनवाणी, हातात बाळ. सांगितलं. त्याने बाळ माझ्याकडे दिलं आणि नियम उघडून वाचत बसला. बाळ माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्याकडे.

येन्स म्हणाला, "आल्झो (म्हणजे तर मग). तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

मी म्हणालो, म्हणून सांगितलं.

तो लीगला विचारणार.

२४ जून, मंगळवार

लीगचं उत्तर. मॅचच्या दिवशी करार चालू पाहिजे. करार कधी संपतो ते त्यांनीही शोधून लिहिलंय: निकाल सांगितला जातो त्या क्षणी. मधला मार्ग नाही. विद्यापीठाने दोन दिवसांसाठी कामावर ठेवावं का, हे येन्सने प्रशासनात विचारलं. तिथल्या बाई म्हणे खूप छान बोलल्या आणि सप्टेंबरमधली तारीख दिली.

आजपासून मी अ.ला किक शिकवतो. माझ्याऐवजी तोच मारणार. त्याचा पहिला चेंडू टेनिस कोर्टात गेला. दुसरा पण. तिथला माणूस चेंडू परत देताना म्हणाला, नेट उंच करू का?

अ. म्हणाला, "मी धरणारा माणूस आहे सुजित. मला मारायला लावू नकोस."

२८ जून, शनिवार

पाचवी. डार्मश्टाटला. जिंकलो. अवघड गेली. शेवटची किक माझी.

बसमध्ये सगळे गात होते. पाच मॅचेस, एकही हार नाही. खिडकीला डोकं लावून बसलो. कोणालाच माझं माहीत नाही, येन्स आणि अ. सोडून. मागच्या सीटवरून अ.ने पाय माझ्या सीटखाली घातला आणि सीट दोनदा हलवली. त्याच्या भाषेत यालाच धीर देणं म्हणतात.

३ जुलै, गुरुवार

एक विचार आला, तो लिहून टाकतो म्हणजे जाईल. एक भोक थोडं चुकीचं पाडलं तर. एक माप. कोणाला कळणार नाही मुद्दाम केलं ते.

जेवताना दाजींना आडून विचारलं, माणूस ठरवून नापास होऊ शकतो का. दाजी पोळी तोडत म्हणाले, "होऊ शकतो. तू नाही. तू रेवाची सायकल तीनदा घट्ट करतोस." ताईने माझ्याकडे बघितलं. "काय करालाईस तू? खरं सांग."

सांगितलं सगळं. ताई म्हणाली, नोकरी म्हणजे नोकरी, खेळ काय. दाजींनी मला आणखी एक पोळी वाढली. रेवा म्हणाली (जर्मनमध्ये), मामा नाही खेळला तर आपण गुलाबी कपडे कशाला शिवले? तिच्या टेडीला तिने टीमची जर्सी शिवलीय. ताईने शिवलीय, तिने दोरा दिलाय.

आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. आई म्हणाली, "परीक्षा नीट दे. आन् त्या बॉलच्या मागं लागू नगंस फार." मग फोन ठेवता ठेवता, "जिंकालासा न्हवं अजून?"

जिंकतोय.

९ जुलै, बुधवार

बेंदूर. ताईने मातीचे बैल केले, रेवाने त्यांच्या शिंगांना चंदेरी रंग दिला. एक बैल जरा मोठा, त्याच्या पायात तिने फुटबॉल ठेवला. आज बैलांना काम नसतं, असं तिला सांगितलं. तिने विचारलं, मग उद्या? उद्या कामच, म्हटलं.

हत्यारं पुसून ठेवली. पेन, ओळखपत्र, चष्मा. परत पाहिलं.

अ.ची किक आज खांबांच्या मधून गेली. एकदा. तो इतका खूश झाला की मला बरं वाटायला पाहिजे होतं.

१० जुलै, गुरुवार

सकाळी आईचा मेसेज: गुरुपौर्णिमा आहे, मायस्टरच्या पाया पड. मनातल्या मनात पडलो.

काम बरं झालं. एक गोष्ट सोडून. जो सरकता भाग असतो तो माझा थोडा घट्ट सरकत होता. शेवटी घासून सैल केला, पण वेळ संपत आला होता, आणि सैल झाला की जास्तच सैल झाला, हे तपासायचं राहून गेलं. परीक्षकांपैकी टक्कल असलेल्या गृहस्थांनी तो पुढे सरकवला. मागे घेतला. परत पुढे. चेहऱ्यावर काही नाही. बाजूच्या बाईंनी काहीतरी टिपलं. मग प्रश्न. एकाचं उत्तर मी अर्ध्यात बदललं. बदललेलं बरोबर होतं की आधीचं, अजून ठरत नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या. टिम, सेलीना, बाकीचे. टिम बिस्किटं वाटत होता. मी दाराकडे बघत होतो. दार उघडून माझं नाव घेतलं की काय ते एकदाचं कळणार. गेल्या तीन आठवड्यांत मला फक्त तेवढंच हवं होतं, कळणं. पास किंवा नापास, काहीही, पण कळणं.

आणि मग तो दाढवाला आठवला.

त्याला कोणी सांगितलं नाही म्हणून तो दुसऱ्या दिवशी कामावर आला. कारण तो अजून आत्सुबी होता. मायस्टर ते विनोद म्हणून सांगत होते. तो विनोद नव्हता, तो नियम होता.

अध्यक्षबाई कागद घ्यायला बाहेर आल्या तेव्हा उठून विचारलं: जो थांबला नाही त्याला निकाल कधी सांगतात? त्या म्हणाल्या, वर्कशॉपला आजच कळवतो, मायस्टर सोमवारी बोलावून रीतसर सांगतात. तुम्हाला बरं नाही का? म्हणालो, बरं आहे. शनिवारी मॅच आहे. विद्यापीठाची. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्ध्या तासात सांगणार आहोत. थांबलात तर कळेल."

"हो. म्हणूनच जातो."

टिम म्हणाला, वेडा झालास का, बस! सेलीनाने माझ्या दप्तराचा पट्टा धरला होता. सोडवून घेतला. जिन्यावर एकदा थांबलो. वर दार उघडल्याचा आवाज आला. खाली उतरलो.

येन्सला फोन केला. तो म्हणाला, "तू? तू न ऐकता निघून आलास? तू?" त्याने लीगला लगेच लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं: करार चालू आहे, खेळू शकतो.

अ.ला सांगितलं. तो म्हणाला, "माझा पाय वाचला." मग एका मिनिटाने मेसेज: "तुझी झोप गेली ना पण."

गेली.

११ जुलै, शुक्रवार

आत्सुबी आहे म्हटल्यावर कामावर जायला हवं. ओव्हरऑल घालून गेलो. टिम आणि सेलीना नाहीत. म्हणजे ते दोघं पास झाले.

मायस्टर कॉफी ओतत होते. मला पाहिलं आणि कप भरून वाहायला लागला तरी ओतत राहिले.

"तू इथे."

"हो."

"काल थांबला नाहीस."

"उद्या मॅच आहे. मी तोवर आत्सुबी असायला पाहिजे."

त्यांनी फडक्याने टेबल पुसलं, कपाची खालची बाजू पुसली, मग परत टेबल. मग म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे बरोबर, आणि मला जुनं मिलिंग मशीन साफ करायला दिलं. हे काम पहिल्या वर्षाच्या पोरांना देतात.

दिवसभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर आलो की हवेबद्दल बोलायचे. जेवायला दुसऱ्या टेबलावर बसले. त्यांना माहीत आहे, आणि तोंडावर दिसू नये म्हणून ते तोंडच आणत नव्हते. मी पण बघायचं टाळत होतो. दोघं एका खोलीत आठ तास असे.

हातोड्यांच्या कपाटाला कुलूप होतं. कधीच नसतं. पास झालो म्हणून मी उघडू नये यासाठी, की नापास झालो म्हणून? मशीन पुसताना यावर विचार केला. दोन्हीकडून बसतं.

निघताना त्यांनी दारात विचारलं, "किती वाजता मॅच?"

१३ जुलै, रविवार

काल लिहिलं नाही. आज नीट लिहितो.

न्युरेम्बर्गची टीम. त्यांच्यातला एक मुलगा माझ्या होणाऱ्या कंपनीतच काम करतो म्हणे, येन्सला कुठून कळलं देव जाणे. होणाऱ्या म्हणजे

असो.

ताई, दाजी, रेवा, जर्सी घातलेला टेडी. प्लाट्सवार्ट कुंपणाशी. त्यांच्या शेजारी मायस्टर, शनिवारच्या कपड्यांत, हातात कापडी पिशवी. त्यांना मी वर्कशॉपबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ते लहान दिसत होते.

हाफपर्यंत आम्ही मागे. माझी पहिली किक उजव्या खांबाला लागून बाहेर. तो आवाज अजून कानात आहे. परत आलो, नाडी सोडून बांधायला बसलो, तर अ. शेजारी येऊन उकिडवा बसला. मला वाटलं आता बोट, थिसिस, काहीतरी. तो म्हणाला, "दोन दिवस काय ते न कळता राहिलास ना? मग ही पण मार. कळेल गेल्यावर." आणि नाडी त्यानेच बांधली. वाकडी.

वाकडी नाडी घेऊनच मारली. आत गेली. पुढची पण.

शेवटी आम्ही एका गुणाने पुढे, चेंडू त्यांच्याकडे, आणि मला कडेला उभं राहून बघण्याशिवाय काही नाही. आमची पोरं ढकलत होती, घसरत होती. शिट्टी. सगळे माझ्या अंगावरून पळत गेले. सहा मॅचेस. एकही हरलो नाही.

मी जागेवरच. मायस्टर कुंपणाला वळसा घालून आले. आधी हात मिळवला. मग म्हणाले, "खेळ झाला. आता सांगू?"

मैदानावर येन्स रडत होता, बाळ त्याच्या खांद्यावर. अ. न्युरेम्बर्गच्या एका राक्षसाला मिठी मारून उभा होता. ताई माझ्याकडे बघत होती, मायस्टरांकडे बघत होती, तिला कळलं होतं ते कोण. सांगितलं असतं तर त्या क्षणी मी या सगळ्यांतला नसतो. पास असेन तर नियमाने, नापास असेन तर मनाने.

म्हणालो, "सोमवारी."

"मोन्टाग," ते म्हणाले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, सात वाजता, उशीर नको.

मग रेवा गुलालाची पुडी घेऊन पळत आली. दाजींनी कपाटातून आणली होती. प्लाट्सवार्टनी हात वर केला. सगळे थांबले. ते म्हणाले, "पार्किंगमध्ये. आणि झाडू मी आणलाय." मग पार्किंगमध्ये उधळला. पहिली मूठ प्लाट्सवार्टच्या टोपीवर बसली, रेवाची. मायस्टर बाजूला सरकायला गेले, अ.ने गाठलं. मायस्टरांच्या पांढऱ्या भुवया गुलाबी झाल्या. नंतर झाडू आम्ही मारला, सगळ्यांनी मिळून.

रात्री झोपलो. सरळ झोपलो.

आज आईला फोन केला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे परीक्षेचं काय झालं ते तुला ठावं न्हाई?"

"नाही."

"आन् तू निवांत बसलाईस?"

"होय की."

आई म्हणाली, "दाजीला फोन दे." तिला वाटलं मी आजारी आहे.

एक गोष्ट राहिली. मायस्टर गाडीकडे जाताना मी पाहिलं. बघायचं नाही असं ठरवून पाहिलं. पिशवी खाली ओढली जात होती, आत काहीतरी जड होतं. हातोडा हातात घेतला की किती भरतो हे मला डोळे मिटून सांगता येतं. पण बिअरच्या दोन बाटल्याही साधारण तेवढ्याच भरतात, आणि शनिवार होता.

ओव्हरऑल धुऊन गॅलरीत वाळत घातलाय. उद्या लागेल की नाही, माहीत नाही. लागलाच तर स्वच्छ असावा.